अंगणात टर्की आला तर: बोस्टनच्या उपनगरांतल्या मराठी घरांसाठी

एप्रिलमधली सकाळ, सव्वासहाची वेळ. ड्राइव्हवेकडून टक्, टक्, टक्टक् असा आवाज यायला लागला. गारा पडताहेत असं वाटून मी पडदा सारला, तर माझ्या काळ्या गाडीसमोर कमरेएवढा पक्षी उभा. पिसारा फुललेला, पंखांची टोकं डांबरावर खरखर घासत होती. गाडीच्या दारात त्याला दुसरा टर्की दिसत होता, त्याला हा चोची मारत होता आणि तो दुसरा काही केल्या मागे हटत नव्हता.

सासूबाई तेव्हा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. माझ्या चपला सापडेपर्यंत त्यांनी दार उघडलं, इंडियन स्टोअरमधून आणलेली केरसुणी उचलली आणि "हट् मेल्या!" म्हणत थेट त्याच्या अंगावर गेल्या. मी मागून ओरडतेय, "आई, थांबा!" टर्की चार पावलं सरकला, मान उंच करून त्यांच्याकडे बघितलं, पिसारा मिटला आणि शेजाऱ्यांच्या हिरवळीवर चालता झाला. नंतर मॅसेच्युसेट्सच्या वन्यजीव खात्याच्या सूचना वाचल्या तेव्हा कळलं, की त्यात हेच लिहिलंय. अगदी केरसुणीसकट.

श्रूस्बरी, वेस्टबरो, अ‍ॅक्टन, बर्लिंग्टन या बाजूला राहणाऱ्या आपल्या लोकांना हा पाहुणा कधी ना कधी भेटतोच. काय करायचं ते एकदा नीट लिहून ठेवते.

हे आले कुठून

पूर्वी ही जंगलं टर्क्यांनी भरलेली होती. वसाहतींच्या काळात शेतीसाठी झाडं तोडली, शिकार तर बेसुमार झाली, आणि १८५१ मध्ये माउंट टॉम डोंगरावर राज्यातला शेवटचा रानटर्की मारला गेला. त्यानंतर सव्वाशेच्या आसपास वर्षं इथे रानटर्की नव्हता. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून बघितले, पण त्यांना रानात जगताच येईना. शेवटी १९७२-७३ मध्ये खात्याने न्यूयॉर्क राज्यातून ३७ रानटी टर्की पकडून आणले आणि पश्चिमेकडच्या बर्कशायर भागात सोडले. ते टिकले, वाढले. मग तिथलेच पक्षी पकडून राज्यभर सोडण्याचं काम १९९६ पर्यंत चाललं. आज राज्यात तीसेक हजारांच्या वर टर्की आहेत, आणि १९९१ पासून हा राज्याचा अधिकृत शिकारपक्षी आहे.

खात्याची कल्पना होती की हे जंगलात राहतील. पण टर्कीच्या नजरेने आपलं उपनगर बघा. ओकची झाडं आणि त्यांची फळं, कापलेलं गवत, त्यात किडे, पक्ष्यांच्या दाण्याच्या नळ्या, झोपायला उंच झाडं. कोल्हे, कायोटी आहेत, पण बंदूकवाला नाही. घरापासून ५०० फुटांच्या आत, राहणाऱ्यांच्या परवानगीशिवाय, इथे बंदूक झाडता येत नाही. उपनगरात अशी मोकळी जागा सापडणार कुठे? ब्रुकलाइन आणि केंब्रिजच्या फुटपाथवर टर्की निवांत फिरतात ते याचमुळे.

पायरी १: आधी कोण आलंय ते बघा

अंगणात टर्की दिसला म्हणून लगेच केरसुणी काढायची गरज नसते. बहुतेक वेळा तो चरून निघून जातो.

मोठा नर सात ते अकरा किलोंचा. डोकं उघडं, लाल-निळं-पांढरं, चोचीवरून लोंबणारा मांसल तुरा, छातीवर दाढीसारखे राठ केस, पायांमागे टोकदार काटा. एक वर्षाचे नर म्हणजे मिसरूड फुटलेली पोरं: दाढी आखूड, पिसारा उघडला की मधली पिसं लांब आणि कडेची आखूड. तीन-चार मिळून फिरतात आणि खोड्या काढण्यात तेच पुढे. मादी लहान, साडेतीन ते साडेपाच किलोंची, तपकिरी, सहसा आपल्या वाटेला न जाणारी.

डोक्याच्या रंगावर लक्ष ठेवा. नर चेकाळला की डोकं-मान भडक होते, बघता बघता रंग पालटतात. हे आपल्याकडच्या एकाने चारशे वर्षांपूर्वीच टिपलंय. १६१२ मध्ये मुकर्रबखान या मुघल सरदाराने गोव्याच्या बंदरातून जहांगीर बादशहासाठी काही अपूर्व प्राणी-पक्षी आणले, त्यात एक टर्की होता. बादशहाने लिहून ठेवलं, की माजावर आला की याचं डोकं पोवळ्यासारखं लाल होतं, मग कापसासारखं पांढरं, मध्येच पिरोजासारखं निळं, सरड्यासारखं. दरबारी चित्रकार मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. (पोर्तुगीज भाषेत टर्कीला ‘पेरू’ म्हणतात. गोव्याच्या बंदरावर ‘एक पेरू द्या’ म्हटल्यावर नेमकं काय मिळत असेल, असं मला नेहमी वाटतं.)

महिन्यांचा हिशोब सोपा आहे. मार्च ते मे नरांचा माज, बहुतेक भांडणं तेव्हाचीच. एप्रिलपासून माद्या अंडी घालतात, जूनच्या सुरुवातीला पिल्लं. शरद ऋतूत माद्या-पिल्लांचे मोठे थवे जमतात. हिवाळ्यात बर्फ खोल साचला की ते घरांजवळ येतात, कारण तिथे खायला मिळतं.

पायरी २: खाणं बंद. इथे आपलंच चुकतं

बाकीच्या सगळ्या पायऱ्या हिच्यावर उभ्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टर्क्यांच्या थव्यात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कोणी कोणाला टोचायचं, कोणी बाजूला व्हायचं, हे मानपान लग्नघरातल्या मानपानापेक्षा कडक. ज्या पक्ष्याला माणसाची भीती उरत नाही, तो माणसालाही याच उतरंडीत बसवतो. मग कोणी त्याला प्रतिस्पर्धी नर वाटतो, कोणी मादी वाटते, कोणी नुसतंच खालच्या पायरीवरचं. पोस्टमन रोज येतो आणि रोज निघून जातो. टर्कीच्या हिशोबाने तो रोज हरतो. म्हणून त्याच्या मागे लागतात.

ही भीती जाते ती हातून खाऊ मिळाला की. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात मॉर्कम गुलाबबागेत जेराल्ड नावाचा टर्की २०२० मध्ये लोकांवर झेपा टाकायला लागला. बाग काही काळ बंद ठेवावी लागली, शेवटी त्याला पकडून लांब सोडलं. लोकांनी आधी त्याला लाडाने खाऊ घातलं होतं.

आता आपल्या घराकडे या. इथल्या लोकांना ‘दाणे टाकू नका’ एवढं सांगून भागतं. आपल्याला यादी करावी लागते.

कीड लागलेली डाळ, जुने तांदूळ ‘पाखरं खातील’ म्हणून मागच्या अंगणात टाकायचे नाहीत. शिळ्या पोळीचे तुकडेही नाहीत. भारतातून आलेल्या आई-बाबांना हे आल्या आल्या सांगा, कारण आपण कामावर गेल्यावर त्यांना गप्पा मारायला पाखरंच असतात आणि गप्पांबरोबर मूठभर दाणे जातातच. आमच्याकडे असंच झालं. त्या काळ्या गाडीच्या प्रकरणाआधी पंधरा दिवस डेकच्या पायरीशी ज्वारी पडत होती, हे मला फार उशिरा कळलं.

पितृपक्षाचा घास हा नाजूक विषय. कावळे इथेही आहेत आणि वरण-भात, वडा, खीर ओळखायला त्यांना वेळ लागत नाही. पण पान डेकवर ठेवून आपण आत जेवायला बसलो, की संध्याकाळपर्यंत त्याभोवती खारी, रकून आणि सप्टेंबरात थवा करून फिरणारे टर्की. आम्ही आता असं करतो: पान कठड्यावर, उंचावर ठेवायचं, खिडकीशी उभं राहायचं, कावळा शिवला की पान उचलून आत. अर्ध्या तासात नाही शिवला तरी आत. गुरुजींना विचारलं तर ते हसून म्हणाले, पितर समजूतदार असतात.

पक्ष्यांसाठी दाण्याची नळी लावली असेल तर खाली सांडलेले दाणे रोज झाडा. टर्की नळीवर चढत नाही, तो खालचं टिपतो. नर माणसांवर धावून जायला लागला असेल तर नळी महिनाभर काढूनच ठेवा. आणि शेजाऱ्यांशी बोला. तुम्ही बंद केलं आणि दोन घरं सोडून एक आजोबा रोज मका टाकताहेत, तर उपयोग शून्य. मी एका डब्यात चकली घेऊन गेले होते. चकली आजोबांसाठी.

पायरी ३: आरसे झाका

गाडीचं चकचकीत दार, बंपर, तळघराची जमिनीलगतची खिडकी, काचेचं दार. नर स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडतो आणि प्रतिबिंब कधीच माघार घेत नाही, त्यामुळे हे दिवसेंदिवस चालतं. मार्च ते मे गाडी गॅरेजमध्ये ठेवा. गॅरेज सामानाने भरलंय (आपलं भरलेलंच असतं) तर ज्या बाजूने तो येतो त्या बाजूला जुनी चादर टाका, चाकांवरच्या पत्र्यापर्यंत. जमिनीजवळच्या खिडक्यांना बाहेरून पुठ्ठा किंवा साबणाच्या पाण्याचा धुरकट हात. आतून पडदा लावून चालत नाही, त्याने काचेचा आरसा आणखीच चांगला होतो. हा धडा मी तीन दिवस वाया घालवून शिकले.

पायरी ४: समोरासमोर आला तर

पाठ फिरवून पळू नका. पळालात की त्याच्या लेखी तुम्ही खालच्या पायरीवर गेलात, आणि उद्या तो तुमची वाट बघत असेल. तो ताशी चाळीसेक किलोमीटर वेगाने धावू शकतो, तेव्हा शर्यतीतही आपला निभाव नाही.

उभे राहा, खांदे ताठ, हात पसरून अंग मोठं करा, खणखणीत आवाजात ओरडा. मराठीत चालतं. एक पाऊल त्याच्या दिशेने टाका. हातात छत्री असेल तर फाट्कन उघडा. अचानक मोठं झालेलं काही त्याला अजिबात आवडत नाही. केरसुणी असेल तर त्याच्या दिशेने हलवा. अगदीच अंगावर आला तर केरसुणीने ढकला. मारून जखमी करायचा नाही. पाण्याचा पाइप हाताशी असेल तर सर्वांत सोपं. तो वळून चालायला लागला तरी लगेच आत जाऊ नका, अंगणाच्या कडेपर्यंत चालत त्याला पोचवून या. अर्धवट सोडलेलं भांडण तो बरोबरी समजतो.

घरातल्या प्रत्येकाला हे एकदा करायला लावा. नुसत्या बाबांना तो घाबरतो आणि शाळेच्या बसथांब्यापर्यंत मुलीच्या मागे जातो, असंही होतं, कारण उतरंडीत प्रत्येकाची जागा वेगळी. लहान मुलाला सांगायचं ते इतकंच: पळू नकोस, दप्तर पुढे धर, मोठ्या माणसाला हाक मार. फार वृद्ध किंवा तोल जाणारं माणूस असेल तर त्याने लढायला जाऊ नये. त्यांना चोचीपेक्षा भीती असते ती पडण्याची. अशा घरात दाराशी छत्री ठेवा आणि हाकलायचं काम दुसऱ्या कुणी करा. कुत्रा असेल तर पट्ट्यावर ठेवून भुंकू द्या, मोकळा सोडू नका.

पायरी ५: बाग

टर्की दिवसाढवळ्या वाफ्यात उभा दिसतो म्हणून सगळं त्याच्या नावावर जातं. खरं नुकसान बऱ्याचदा रात्री हरणाने किंवा रकूनने केलेलं असतं, आणि सकाळी हा त्यात किडे शोधत असतो. तरी मेथी-कोथिंबिरीचं कोवळं रोप तो उकरतो हे खरं. रोपं पाय धरेपर्यंत वर जाळी ताणा. प्लास्टिकचं घुबड आणून पैसे घालवू नका, दोन दिवसांत त्याची ओळख होते. टर्की गोचिडी खातो म्हणून गोचिडी चावून होणाऱ्या लाइम आजाराची काळजी मिटली, असं इथे कुणीतरी सांगतंच. त्यावर विसंबून गवतात अनवाणी फिरू नका.

पायरी ६: झाडावरचा रातथारा, झुडपाखालचं घरटं

एवढं जड धूड, पण रात्री झाडावर झोपतं. संध्याकाळी सूर्य बुडता बुडता एकेक टर्की धाव घेतो आणि पंखांच्या फडफडाटात पाइनच्या फांदीवर जातो. पहिल्यांदा बघाल तेव्हा कुणी गाद्या झटकतंय असंच वाटेल. पहाटे उतरतात. अडचण फक्त खालच्या विष्ठेची. मोठ्या नराची इंग्रजी जे अक्षरासारखी, मादीची गोल वळकटी. डेकवर पडत असेल तर चार-पाच संध्याकाळी, ते चढायच्या आधीच, खाली उभं राहून भांडी बडवा, पाण्याचा फवारा सोडा. एकदा बसले की रात्री उठवू नका, अंधारात त्यांना नीट दिसत नाही. साफ करताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका.

मेमध्ये पाला झाडताना झुडपाच्या बुंध्याशी मादी दगडासारखी निश्चल बसलेली आढळली, तर झाडणं तिथेच थांबवा. डझनभर अंडी असतात, उबवायला २८ दिवस. त्या कोपऱ्यातलं गवत महिनाभर वाढू द्या. पिल्लं एक-दोन दिवसांत आईमागे चालायला लागतात आणि घरटं कायमचं सोडतात. पहिले पंधरा दिवस त्यांना उडून झाडावर जाता येत नाही, ती जमिनीवरच आईच्या पंखाखाली झोपतात. तेवढे दिवस मांजर घरात ठेवा. अंडी हलवणं, पिल्लं उचलून ‘सुरक्षित’ जागी नेणं, दोन्ही बेकायदा आहे. टर्की पकडून दुसऱ्या गावी सोडून येणंही.

पायरी ७: रस्त्यावर

एक ओलांडून गेला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं समजू नका. मागे अकरा असतात. दिवे लावून थांबा, एकदा छोटा हॉर्न द्या, गाडी अगदी हळू पुढे घ्या. बाहेर उतरून हाकलायला जाल तर मागचा गाडीवाला तुम्हालाच उडवेल. कधी कधी ते पुढच्याच्या शेपटीमागे जात नुसते गोल फिरत राहतात. २०१७ मध्ये बोस्टनजवळ मेलेल्या मांजराभोवती रस्त्यात असंच रिंगण धरलेल्या टर्क्यांचा व्हिडिओ जगभर फिरला होता. आमच्या कॉलनीत एकदा रस्त्यावर पडलेल्या कचऱ्याच्या पिशवीभोवती हे रिंगण चाललं होतं, त्यामुळे त्यात फार गूढ शोधू नये असं माझं मत झालंय.

पायरी ८: फोन कधी, कुणाला

टर्की दिसला म्हणून ९११ लावायचा नाही. दोन आठवडे वरचं सगळं केलं, शेजाऱ्यांनीही खाणं बंद केलं, तरी एकच नर पुन्हा पुन्हा माणसांवर येतोय, असं असेल तर गावच्या प्राणी नियंत्रण अधिकाऱ्याला आणि राज्याच्या वन्यजीव खात्याच्या आपल्या विभागाच्या कार्यालयाला कळवा. फोन करण्याआधी चार ओळी लिहून ठेवा: किती वाजता, कोणावर, किती पक्षी, जवळपास कोण खाऊ घालतं. एक व्हिडिओ ठेवा. शेवटचा प्रश्न ते विचारतातच, आणि उत्तर ‘आम्हीच’ असेल तर तसं सांगून टाका. माणसांना सरावलेल्या पक्ष्याला उचलून दुसरीकडे सोडत नाहीत, कारण तो तिथेही तेच करतो. फार बिघडला तर त्याला मारण्यावाचून पर्याय राहत नाही. ओकलंडच्या जेराल्डचं नशीब सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

आणखी एक फोन न करता देता येणारी माहिती आहे. दर वर्षी १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात खातं लोकांकडून टर्क्यांची गणना मागवतं: नर किती, माद्या किती, पिल्लं किती आणि केवढी. आमच्या घरी ते काम सासूबाईंनी घेतलं. फ्रिजवर कागद, त्यावर पेन्सिलीने तारखा. ९ जूनला दोन माद्या, अकरा पिल्लं. २० जूनला सात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाच, त्यापुढे त्यांच्या अक्षरात ‘कोल्हा?’ लिहिलेलं. सप्टेंबरात त्या परत जाईपर्यंत पाचच राहिली होती, आणि हल्ली व्हिडिओ कॉलवर नातवाच्या आधी ती पाचच विचारली जातात.